येरवड्याचं डेक्कन कॉलेज: कोणी पाहिलंय, कोणी शिकलंय? अनुभव इथे लिहा

सर_विश्रांतवाडी

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता रिटायर झालोय, राहायला विश्रांतवाडीला, त्यामुळे डेक्कन कॉलेज म्हणजे रोजच्या वाटेवरचं. शाळेत होतो तेव्हा नववीची पोरं घेऊन जायचो, आता पाहुणे आले की पाहुण्यांना घेऊन जातो.

आधी एक सांगतो म्हणजे नवीन माणसाची पायपीट वाचेल. हे कॉलेज डेक्कन जिमखान्यावर नाही. पुणे स्टेशनवर रिक्षात बसून नुसतं 'डेक्कन' म्हणालात तर रिक्षावाला थेट गुडलक चौकात नेऊन सोडतो. 'येरवडा, डेक्कन कॉलेज' असं पूर्ण सांगायचं. बंडगार्डनचा पूल ओलांडला की पलीकडे येरवडा आणि तिथून पुढे विश्रांतवाडीकडे जाताना कॉलेज लागतं. आत शिरलं की रस्त्याचा आवाज मागे पडतो, झाडी दाट आहे, आणि मग समोर ती काळ्या दगडाची गॉथिक इमारत येते, मधला उंच मनोरा, दोन्ही बाजूला टोकदार कमानींचे लांब व्हरांडे. ही इमारत १८६४ साली बांधायला घेतली आणि १८६८ ला कॉलेज तिथे राहायला गेलं. पैसा सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून आला आणि आराखडा कॅप्टन विल्किन्सचा, ज्याने लष्कर भागातलं लाल देऊळ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं तोच. पण संस्था त्याहून बरीच जुनी. पेशवाई गेल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, एल्फिन्स्टनने विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज काढलं, पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे त्या पैशातून. तेच वाढत वाढत डेक्कन कॉलेज झालं. म्हणजे विश्रामबाग वाड्यात जाऊन आलेल्या माणसाने कॉलेजचं पहिलं घर बघितलेलंच असतं, फक्त तिथे तसं कोणी सांगत नाही.

टिळक विद्यार्थी असताना ज्या खोलीत राहायचे ती खोली जपून ठेवलीय. आगरकरही इथलेच. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १८७९ च्या सुमारास या दोघांचं इथेच बोलणं झालं की सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, आणि १८८० च्या जानेवारीत चिपळूणकरांसोबत न्यू इंग्लिश स्कूल उभी राहिली. शाळेतल्या पोरांना ती खोली दाखवली की ती एकदम गप्प व्हायची, कारण पुस्तकातला माणूस आपल्यासारखाच एका लहानशा खोलीत अभ्यासाला बसायचा हे त्यांना तिथे कळायचं.

आता माझं खरं म्हणणं. लोक येतात, टिळकांची खोली बघतात, इमारतीसमोर फोटो काढतात आणि जातात. मला त्याचं वाईट वाटतं. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केलं होतं, माजी विद्यार्थी त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि १९३९ मध्ये ते पुन्हा उघडलं ते संशोधन संस्था म्हणून. त्यानंतर महाराष्ट्राबद्दल आपल्याला जे कळलं, म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी गोदावरी-भीमेच्या खोऱ्यात कोण राहत होतं, काय खात होतं, पोर गेलं तर कुठे पुरत होतं, हे फार मोठ्या प्रमाणात या एका जागेतून कळलंय. ते सगळं म्युझियममध्ये मांडलेलं आहे आणि तिकडे मोजके लोक वळतात. तर ज्यांनी पाहिलंय, जे तिथे शिकलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. इमारत सुंदर आहे हे आपण सगळे मान्य करू, त्याच्या पुढचं लिहा.

मुळामुठा

छान धागा सर. आम्ही दोघं एका रविवारी गेलो होतो तर म्युझियम बंद होतं, बाहेरूनच बघून आलो. झाडं मात्र काय आहेत!! शहराच्या मधोमध एवढी जागा शाबूत राहिलीय हेच खूप आहे.

सर_विश्रांतवाडी

कामाच्या दिवशी जा, आणि जायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या. ग्रुप असेल तर आधी पत्र दिलं की बरं पडतं, मग तिथलं कोणीतरी बरोबर फिरून समजावून सांगतं आणि त्याने सगळा फरक पडतो. नुसत्या पाट्या वाचून मडकी मडक्यांसारखीच दिसतात.

खापरवाली

सर, मी तिथे पुरातत्त्वात एम.ए. केलंय, त्यामुळे लिहायलाच हवं.

मी कॉमर्सची. बी.कॉम. करून तिथे गेले आणि घरच्यांना कळेचना मी काय करतेय. पहिल्या सेमिस्टरला आमच्यात इतिहासवाले होते, जिऑलॉजीवाले होते, एक आर्किटेक्ट होता, महाराष्ट्राबाहेरची मुलं तर भरपूर. वर्गात शिकवतात ते आहेच पण खरं शिक्षण दोन ठिकाणी होतं, एक खड्ड्यात आणि दुसरं खापरांच्या ढिगाशेजारी.

खड्डा म्हणजे ट्रेंच. पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त काम उरकायचं. कुदळ सगळ्यात कमी वापरतात, बहुतेक काम ट्रॉवेल आणि ब्रशने. माती सरळ खाली खणत जायचं नाही तर थर ओळखत जायचं, आणि थर ओळखायचा म्हणजे मातीचा रंग, ओल, भुसभुशीतपणा हे सगळं हाताला कळावं लागतं. सुरुवातीला मला सगळी माती सारखीच दिसायची. मग आमच्याबरोबर काम करणाऱ्या गावातल्या एका मावशींनी दाखवलं, की बघ इथे खुरपं वेगळं वाजतंय, इथे कधीतरी जमीन चोपलेली होती. आणि खरंच तिथे घराची जमीन निघाली, चुलीची राख वगैरे सगळं. शेतात जन्म गेलेल्या बाईला माती जशी कळते तशी ती आम्हाला कळायला दोन वर्षं लागतात.

आणि खापरं. खड्ड्यातून सगळ्यात जास्त काय निघतं तर फुटकी मडकी. ती थराप्रमाणे वेगळी ठेवायची, मऊ ब्रशने धुवायची, रंगकाम असलेली असतील तर अगदी जपून, सावलीत वाळवायची आणि मग प्रत्येक तुकड्यावर बारीक अक्षरात शाईने लिहायचं, कुठली जागा, कुठला ट्रेंच, कुठला थर. प्रत्येक तुकड्यावर!! पोटाच्या तुकड्यापेक्षा काठाचा तुकडा मोलाचा, कारण काठावरून भांड्याचं तोंड किती मोठं होतं ते मोजता येतं आणि भांडं कुठलं ते कळतं. एखादा तुकडा लिहायचा राहून भलत्या ढिगात गेला की तो कायमचा मुका झाला, मग तो कितीही सुंदर असला तरी काही सांगू शकत नाही. हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं होतं की मी आता ऑफिसात फाइलवर तारीख नसली तरी अस्वस्थ होते.

जोर्वे भांडी म्युझियममध्ये नक्की बघा. तांबडा रंग, वर काळ्या रंगात रेघा, आणि ती लांब तोटी. संगमनेरजवळ प्रवरेकाठचं जोर्वे गाव, तिथे १९५०-५१ मध्ये खणलं आणि त्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला लागलं.

नेवासकर

खापरवाली ताई, तुमची मावशी वाचून अंगावर काटा आला कारण माझे आजोबा डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांच्या खोदकामावर रोजंदारीवर होते.

मी नेवाशाचा. आमच्याकडे लोक येतात ते पैस खांब बघायला, ज्ञानेश्वरी सांगितली ती जागा, आणि ते बरोबरच आहे. पण प्रवरेकाठीच लाडमोड नावाचं टेकाड आहे, तिथे १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकलिया, शां. भा. देव, अन्सारी वगैरे मंडळींनी खणलं. आजोबा सांगायचे की साहेब स्वतः खड्ड्यात उतरायचे, आणि कोणाला काही सापडलं तर त्याने हात लावायचा नाही, हाक मारायची आणि तिथेच उभं राहायचं. मी लहानपणी विचारायचो सोनं सापडलं का. ते म्हणायचे सोनं नाही रे, आपल्याआधीची माणसं सापडली.

मोठा झाल्यावर मी मुद्दाम डेक्कन कॉलेजला जाऊन आलो, नेवाशाचं काय काय आहे ते बघायला. तिथे मला एका गोष्टीबद्दल कळलं ती मी गावात सगळ्यांना सांगत असतो. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या आत ओवलेला धागा शिल्लक होता. तीन हजार वर्षांपूर्वीचा धागा मातीत टिकतो कसा? तर तांब्याला जो हिरवा गंज चढतो त्याने तो जपला. तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही निघाले. विचार करा, आमच्या गावात त्या काळी कोणीतरी आईबापांनी आपल्या गेलेल्या लेकराच्या गळ्यात अशी माळ घालून त्याला पुरलं. सातवाहनांच्याही आधी हजारभर वर्षं. आणि त्याच टेकाडात वरच्या थरात रोमन बनावटीच्या कुंभांचे तुकडे, म्हणजे भूमध्य समुद्राकडचा माल आमच्या प्रवरेपर्यंत आलेला.

माझी एकच इच्छा आहे की नेवासा तालुक्यातल्या प्रत्येक शाळेची एक तरी सहल तिकडे जावी. पोरं मॉल बघायला पुण्याला जातात, हेही बघावं.

मुळामुठा

हे वाचून परत जायचं नक्की केलं. या वेळी फोन करूनच.

रोखठोक

सगळं वाचलं, आवडलं. पण एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नका. तिथे संस्कृतचा एक मोठा कोश चाललाय, १९४८ पासून काम सुरू आहे आणि अजून 'अ' वरच आहे असं पेपरात वाचलं होतं. सार्वजनिक पैशावर एखादं काम इतकी वर्षं चालावं का? काम मोठं असेल पण वापरणाऱ्याच्या हयातीत ते हाती नको का यायला? कोणी आतलं माणूस असेल तर सांगा.

चिठ्ठीघर

रोखठोक, राग कशाचा, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात आणि विचारलाच पाहिजे. मी तिथे संस्कृतचा विद्यार्थी होतो, कोशाच्या कामाजवळ बराच वेळ काढलाय, म्हणून थोडं लांब लिहितो.

कल्पना डॉ. सु. मं. कत्रे यांची. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ घ्यायचे, त्यात नुसतं काव्य-पुराण नाही तर वैद्यक, गणित, ज्योतिष, वास्तू, हत्तीघोड्यांची शास्त्रं, स्वयंपाक, सगळं, आणि त्यातला शब्द कुठे, कोणत्या अर्थाने, कधी आला हे चिठ्ठीवर उतरवायचं. हे चिठ्ठ्या काढण्याचं कामच १९४८ ते १९७३ चाललं, पंचवीस वर्षं. चिठ्ठ्या किती, तर एक कोटीच्या आसपास. त्या खोलीत गेलं की भिंतीला लागून लोखंडी कपाटांच्या रांगा आणि त्यात खण, प्रत्येक खणात दाबून बसवलेल्या पिवळट पडलेल्या चिठ्ठ्या. खण ओढला की जुन्या कागदाचा वास येतो. वरच्या कोपऱ्यात शब्द, खाली ग्रंथाचं नाव संक्षेपात, ओळ, अर्थ, आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं, कोणाचं मोत्यासारखं तर कोणाचं घाईतलं. ज्यांनी त्या लिहिल्या त्यातले बहुतेक आज हयात नाहीत. कोशाचा पहिला भाग आला १९७६ मध्ये, संपादक डॉ. अ. मा. घाटगे.

आता 'अ' वर इतकी वर्षं का? एक म्हणजे संस्कृतात नकाराचा 'अ' आणि 'अन्' कशालाही लागतो, शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव असे उपसर्ग सगळे याच अक्षराखाली, त्यामुळे 'अ' हा कोशाचा सगळ्यात जाड भाग आहे, बाकीची अक्षरं एवढी मोठी नाहीत. दुसरं म्हणजे प्रत्येक शब्दाचा हिशोब. 'अक्ष' घ्या. ऋग्वेदात जुगाऱ्याचं सूक्त आहे त्यात अक्ष म्हणजे फासा, आणि तो बेहड्याच्या फळाचा. रथाचा कणा तो अक्ष. मग इंद्रिय हा अर्थ. वैद्यकात ते एक वजन. ज्योतिषात अक्षांश. रुद्राक्षातलं अक्ष आहेच. यातला कुठला अर्थ आधीचा, कुठल्यातून कुठला निघाला, कुठल्या ग्रंथात शेवटचा दिसतो, हे एका शब्दाचं काम झालं, आणि चिठ्ठीवर लिहिलंय ते मूळ ग्रंथात तसंच आहे का हे परत उघडून बघावं लागतं. तिथे घाई केली तर चूक छापली जाते आणि मग पुढची शंभर वर्षं लोक ती चूक उतरवत राहतात.

तुमचं म्हणणं मला पटतं की माणसं वाढवायला हवीत आणि यंत्राची मदत जास्त घ्यायला हवी. पण 'अजून अ वरच' असं म्हणून ते काम निष्फळ ठरवू नका. चिठ्ठ्या आज हाताशी आहेत, अभ्यासक येऊन त्या वापरतात.

रोखठोक

धन्यवाद, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. उपसर्गाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माणसं वाढवा यावर मात्र मी ठाम आहे, कारण चिठ्ठी लिहिणारी पिढी गेली तशी ती वाचता येणारी पिढीही जाईल.

चिठ्ठीघर

हे अगदी खरं. शिकवायला माणूस असेपर्यंतच नवा माणूस तयार होतो.

बोलीभाषा

मी लिंग्विस्टिक्सची. आमच्या विभागाचं नाव बाहेर फारसं कोणी घेत नाही म्हणून लिहिते. १९५० च्या दशकात इथे भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरायच्या, देशभरातून प्राध्यापक येऊन राहायचे, आणि भारतातल्या पुष्कळ विद्यापीठांत हा विषय सुरू झाला तो त्या शाळांतून शिकून गेलेल्या लोकांमुळे.

आमच्या काळात मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण चालू होतं, राज्य मराठी विकास संस्थेबरोबर. गावात जायचं, तीन-चार वेगवेगळ्या वयाची माणसं निवडायची, बाया पण आणि पुरुष पण, आणि त्यांना रोजचे शब्द विचारायचे, नात्याची नावं विचारायची, मग एखादी गोष्ट किंवा आठवण सांगायला लावायची आणि ती रेकॉर्ड करायची. ऐकायला सोपं वाटतं पण सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माणूस रेकॉर्डर बघून 'शुद्ध' बोलायला लागतो. एका गावात एक आजी मला सतत म्हणत होत्या की बाई आमचं बोलणं गावंढळ आहे, तुम्हाला काय उपयोगाचं, तुम्ही मास्तरणीला विचारा. त्यांना समजावता समजावता माझाच गळा भरून आला. मग त्यांची सून चहा घेऊन आली आणि दोघी आपसात भांड्यांवरून बोलायला लागल्या, आणि ते जे बोलणं होतं ना, क्रियापदांची रूपं अशी की मी कधी ऐकली नव्हती, ते सगळं मी त्यांना विचारून ठेवून घेतलं. वर्गात बसून ध्वनी, रूप, प्रत्यय हे सगळं आकृत्यांत शिकतो आपण, पण तिथे कळतं की कुठलीही बोली नियमानेच चालते, नियम फक्त वेगळे असतात.

डेक्कन कॉलेजने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. मी मराठवाड्यातली, पुण्यात आल्यावर बोलण्यावरून हसणारे भेटलेच, पण या विभागात आल्यावर माझं बोलणं हा अभ्यासाचा विषय झाला. माझ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की तुमच्याकडे हे कसं म्हणतात, आणि वहीत लिहून घेतलं.

नेवासकर

ताई हे शेवटचं वाचून लय बरं वाटलं.

घोडनदी

आमच्या शिरूर तालुक्याचं कोणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो! इनामगाव. घोड नदीकाठचं. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथे खणलं, सांकलिया, अन्सारी आणि म. के. ढवळीकर. एकेका हंगामात थोडं थोडं करत शंभरावर घरं उघडी केली. नुसती एक भिंत नाही तर अख्खी वस्ती कशी होती ते समजलं, कुंभाराचं घर कुठलं, धान्य साठवायची जागा कुठली, पाण्याचा पाट आणि त्याला बांध सुद्धा. म्युझियममध्ये इनामगावची दफनं बघताना मी बराच वेळ तिथून हललो नाही. लहान मूल गेलं तर दोन मोठे कुंभ घ्यायचे, तोंडाला तोंड लावायचं, आत मूल, आणि ते घराच्या जमिनीखालीच पुरायचं. म्हणजे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरलेले. का तोडले याबद्दल वेगवेगळी मतं आहेत, मेलेला माणूस परत जाऊ नये किंवा परत येऊ नये म्हणून असंही म्हणतात.

पण मला सगळ्यात आत लागलं ते दुष्काळाचं. ढवळीकरांनी मांडलंय की इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास पाऊस कमी झाला, आणि ते घरांतून दिसतं. आधी मोठी चौकोनी घरं, नंतर लहान गोल झोपड्या. शेती कमी झाली, शिकार वाढली, शेवटी इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास गाव उठलं. आमच्याकडे अजून मार्चपासून टँकर लागतो काही गावांना. माझ्या वडिलांना ही गोष्ट सांगितली तर ते एवढंच म्हणाले की म्हणजे हे तेव्हापासून आहे.

आई_नगरची

सर्वांना नमस्कार. मी धागा पहिल्यापासून वाचतेय. माझी मुलगी बी.एस्सी. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने मनात घेतलंय की पुरातत्त्व करायचं, डेक्कन कॉलेजलाच. तिच्या बाबांचं म्हणणं बी.एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मला तिचं मन मोडायचं नाही पण काळजी वाटते. सायन्स सोडून जाणं योग्य आहे का? नोकरी मिळते का? आणि उत्खननाला मुलींना तंबूत राहावं लागतं म्हणे, ते सुरक्षित असतं का? खापरवाली ताई, तुम्ही सांगाल का?

खापरवाली

काकू, नक्की सांगते, आणि तुमच्या लेकीला सांगा की ती सायन्स सोडत नाहीये.

बॉटनीवाल्यांची तिथे खरी गरज असते. जुन्या वस्तीतली माती पाण्यात सोडतात, हलवतात, जड माती खाली बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरायचे, सावलीत वाळवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. हा गहू की जव, कुळीथ की मसूर, दाण्याच्या आकारावरून, पोटावरच्या खाचेवरून ओळखायचं. घोडनदी दादांनी सांगितलेल्या इनामगावात लोक जव पिकवायचे हे आपल्याला असल्याच जळक्या दाण्यांवरून माहीत आहे. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे शिकायला नाकी नऊ आले, तिला पान-फूल-बी आधीच येतंय. तसाच हाडांचा विभाग आहे, मातीचा आहे. हरियाणातल्या राखीगढीला आमच्या कॉलेजने खणलं, तिथल्या सांगाड्यातून डीएनए काढून त्यावर २०१९ मध्ये पेपर आला, तेव्हा सायन्सचा माणूस या क्षेत्रात हवाच आहे.

नोकरीबद्दल खोटं सांगणार नाही. जागा कमी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आहे, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे, म्युझियमं आहेत, नेट-सेट करून प्राध्यापकी आहे, हल्ली वारसास्थळांचं काम करणाऱ्या खाजगी कंपन्याही लोक घेतात. पण जाहिराती कधी येतील त्याचा भरवसा नसतो आणि मधली वर्षं प्रोजेक्टवर काढावी लागतात, पगार जेमतेम असतो. माझ्या बॅचमधले निम्मे या क्षेत्रात आहेत, निम्मे नाहीत. मी स्वतः नाहीये, मी ऑफिसात काम करते, पण ती दोन वर्षं मला कोणी परत दिली तर मी परत तिथेच घालवीन. तुम्ही आणि काकांनी तिला एवढंच विचारा की एम.ए. नंतर तीन-चार वर्षं ओढाताण झाली तर चालेल का. तिला चालणार असेल तर पाठवा.

तंबूत राहायचं म्हणाल तर मुली एकत्र असतात, शिक्षक बरोबर असतात, स्वयंपाकाला माणसं असतात आणि गाव तर आपल्याला लेकीसारखं वागवतं. रात्री थंडी खूप वाजते. पाळीच्या दिवसांत कॅम्पवर पाणी आणि आडोसा पुरेसा आहे का हे जायच्या आधी मोकळेपणाने विचारून घ्यावं, त्यात लाजू नये, आम्ही विचारायचो.

आई_नगरची

खूप खूप आभार ताई. तिच्या बाबांना वाचायला दिलं. काही बोलले नाहीत पण राखीगढी कुठे आहे ते त्यांनी विचारलं.

सर_विश्रांतवाडी

काकू, सुट्टीत तिला घेऊन एकदा पुण्याला या. म्युझियम आपण सगळे मिळून बघू, तिला लॅबमधल्या लोकांशी बोलता आलं तर आणखी चांगलं, मी विचारून ठेवतो. काकांनाही आणा. डॉ. पारसनीसांनी साताऱ्याला जमवलेली कागदपत्रं, चित्रं, नकाशे यांचा संग्रह १९३९ मध्ये इथे आला, ते मराठ्यांच्या इतिहासाचं दालन त्यांना आवडेल. इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांनी इथेच बसून काम केलंय.

चिठ्ठीघर

सर, पारसनीस डॉक्टर नव्हेत, रावबहादूर द. ब. पारसनीस. बाकी सगळं बरोबर. ती मंडळी आली की मला पण कळवा, कोशाच्या चिठ्ठ्या दाखवता येतील का ते मी विचारतो.

नेवासकर

मी पण येतो. सात-आठ जण झालो तर सर म्हणतात तसं आधी पत्र देऊ.

आई_नगरची

आम्ही नक्की येऊ. मुलगी विचारतेय की एन्ट्रन्सला काय वाचायचं?

खापरवाली

प्राचीन भारताच्या इतिहासाचं बी.ए. चं कुठलंही चांगलं पुस्तक, आणि सामान्य ज्ञान. पण तिला सांगा, सुट्टी आहे तोवर नगरजवळ नदीकाठ असेल तिथे फिरून ये, टेकाड दिसलं तर वर चढून बघ, पावसाने धुपलेल्या बाजूला खापरं दिसतात का. दिसली तर उचलायची नाहीत, फोटो काढायचा, जागा लिहून ठेवायची. ते फोटो येताना घेऊन ये म्हणावं, मी बघीन.